पाच लिटर दूध, एक किलो पनीर : आधी हिशोब, मग धंदा



गावोगावच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पापड-लोणची तर सगळेच गट करतात. आमच्या घरी म्हैस आहे, दुधाचं काही शिकवा ना. पनीर करून विकलं तर चालेल का?"

चालेल. पण प्रत्येक घराला चालेल असं नाही, आणि वर्षभर चालेल असंही नाही. पनीर करायला अवघड काहीच नाही, दोन वेळा केलं की हात बसतो. अवघड आहे ते पनीर दर वेळी सारखं करणं, ते गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत चांगलं ठेवणं आणि त्यात आपल्या हाती चार पैसे उरवणं. म्हणून या लेखात कृतीबरोबर हिशोबही मांडलाय. आधी वाचा, गटात मोठ्याने वाचून दाखवा आणि मग ठरवा.

दूध फाटतं म्हणजे काय होतं?

दूध नासलं की आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं हळहळतात. खूप घरांत ते चांगलं मानत नाहीत. म्हणून असेल, पण आपल्या भागात दुधाचं दही, ताक, लोणी, तूप, चक्का, खवा आणि चिकाचा खरवस हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या झालं. मुद्दाम दूध फाडून काही करायची पद्धत मात्र नव्हती. शेजारी सुरतेकडे पारशी लोक छोट्या टोपल्यांमध्ये दूध जमवून मऊ पनीर करतात, त्याला 'टोपली नू पनीर' म्हणतात. बंगालात छेना करतात आणि त्याचे रसगुल्ले होतात. आपल्याकडे पनीर आलं ते हॉटेलांच्या आणि लग्नाच्या जेवणातून, आणि आता ते इतकं रुळलंय की हळदीच्या जेवणातसुद्धा पनीरची भाजी असते.

दुधात पाणी, स्निग्धांश म्हणजे फॅट, साखर आणि प्रथिनं असतात. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. तापलेल्या दुधात लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घातलं की केसीनचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या जाळ्यात फॅट अडकतं. तो गोळा म्हणजे पनीर, आणि उरलेलं हिरवट पाणी म्हणजे निवळी.

तायांनो, 'पनीर आणि चीज एकच का?' असंही खूपजणी विचारतात. दोन्ही दुधापासूनच होतात, फरक आहे तो पद्धतीत. चीज करताना दूध फार तापवत नाहीत. कोमट दुधात 'रेनेट' नावाचं विरजणासारखं द्रव्य घालून ते जमवतात, मग मीठ लावतात आणि बरीचशी चीज थंड खोलीत आठवडे किंवा महिने मुरवतात. रेनेट पूर्वी वासराच्या पोटातून काढायचे, आता शाकाहारी रेनेटही मिळतं. मुंबईत मौसम नारंग यांनी २०१५ मध्ये 'एलेफ्थेरिया' नावाने चीजचा छोटा उद्योग सुरू केला. निवळी आटवून केलेल्या त्यांच्या तपकिरी चीजला २०२१ च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. म्हणजे आपल्या मुलखात हे होऊ शकतं. पण चीजला सतत चालणारा फ्रिज लागतो, वेगळं प्रशिक्षण लागतं आणि महागडं गिऱ्हाईकही लागतं. आपण सुरुवात पनीरपासून करू. ते सकाळी केलं की संध्याकाळी विकता येतं.

आधी दूध तपासा

पनीर चांगलं होणार की वाईट, हे अर्धं गोठ्यातच ठरतं.

म्हशीच्या दुधात फॅट जास्त, म्हणून पनीर भरपूर आणि घट्ट होतं. साधारण ५ लिटर म्हशीच्या चांगल्या दुधात १ किलो पनीर पडतं. गाईच्या दुधाला ६ ते ७ लिटर लागतात आणि पनीर जरा मऊ, भुसभुशीत होतं. दोन्ही दुधं मिसळली तरी चालतं, फक्त दर वेळी प्रमाण तेच ठेवा. नाही तर गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळचं चांगलं होतं."

कासेला सूज असलेल्या, म्हणजे कासदाह किंवा 'दगडी' झालेल्या जनावराचं दूध घेऊ नका. जनावराला औषधाचं इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, किती दिवस दूध वापरायचं नाही ते. तेवढे दिवस ते दूध ना पनीरला, ना डेअरीला, ना आपल्या पोरांना.

साय काढून तूप करायचं आणि खालच्या दुधाचं पनीर 'पनीर' म्हणून विकायचं, असं दोन्हीकडे हात मारता येत नाही. अन्न सुरक्षेच्या नियमात साध्या पनीरच्या कोरड्या भागात निदान ५० टक्के फॅट लागतं. साय काढली की ते कमी होतं, आणि पनीर रबरासारखं लागतं ते वेगळंच.

कृती : ५ लिटर म्हशीच्या दुधाची

भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला आंबट लागलं की ते दुधात उतरतं, आणि कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं तर मुळीच नको. फडकं सुती, पांढरं, फक्त पनीरसाठी ठेवलेलं आणि दर वेळी उकळून वाळवलेलं असावं. एक वजनकाटा आणि एक थर्मामीटर लागेल. थर्मामीटर हा शहरी थाट वाटेल, पण वर म्हटलं तसं पनीर दर वेळी सारखं करायचं तर तो लागतोच.

१. दूध गाळून मोठ्या पातेल्यात तापवा. ९० अंशांपर्यंत न्या, म्हणजे उकळी फुटायच्या बेताला. सतत ढवळा, तळाशी लागू देऊ नका. करपट वास एकदा आला की जात नाही. इतकं तापवल्याने दुधातले रोगजंतू मरतात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा ताप माणसाला होतो, म्हणून ही पायरी कधीच गाळायची नाही.

२. गॅस बंद करून दूध ७० ते ७५ अंशांपर्यंत निवू द्या. उकळत्या दुधातच आंबट घातलं तर पनीर कडक आणि कोरडं होतं. फार थंड झाल्यावर घातलं तर पाणी धरून बसतं आणि लवकर आंबतं.

३. दूध निवेपर्यंत १ लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचं सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि ते पाणीही दुधाइतकंच गरम करून ठेवा. घरी खायला लिंबू चालतं. विक्रीसाठी सायट्रिक ॲसिड बरं, कारण एक लिंबू आंबट तर दुसरं पाणचट, त्यात प्रमाण सांभाळता येत नाही.

४. हे पाणी दुधात बारीक धारेने सोडा आणि दुसऱ्या हाताने हळू ढवळा. दूध फाटून वर हिरवट-पिवळसर, स्वच्छ निवळी दिसली की थांबा. आंबट पाणी थोडं उरलं तर उरू द्या. निवळी अजून दुधट असेल तर दूध पूर्ण फाटलेलं नाही, म्हणजे तुमचं पनीर पाण्यातून वाहून चाललंय. जास्त आंबट घातलं तर पनीर आंबट लागतं आणि त्याचा भुगा होतो.

५. पाच मिनिटं हात लावू नका. गोळा खाली बसू द्या.

६. फडक्यातून गाळा. गोळा गरम असतानाच चौकोनी साच्यात दाबा. साचा नसेल तर फडक्याची घडी नीट चौकोनी घाला. वर ५ ते १० किलोचं स्वच्छ वजन १५ ते २० मिनिटं ठेवा. पाण्याने भरलेला डबा चालतो. पाटा किंवा अंगणातला दगड नको.

७. दाबलेली वडी बर्फाच्या थंडगार पाण्यात दोन तास बुडवून ठेवा. याने वडी घट्ट होते, कापताना तुटत नाही. हे पाणी आधी उकळून निववलेलंच असलं पाहिजे. एवढं तापवून जंतू मारले आणि शेवटी विहिरीच्या कच्च्या पाण्यात बुडवलं, तर सगळी मेहनत पाण्यात. बर्फही पिण्याच्या पाण्याचा हवा, आणि तोही थेट पाण्यात न टाकता बंद पिशवीत घालून ठेवलेला बरा. मासळीवरचा बर्फ कधीच नाही.

८. बाहेर काढा, पाणी निथळू द्या, स्वच्छ फडक्याने टिपा, वजन करा, लगेच पॅक करून फ्रिजमध्ये ठेवा.

फ्रिजमध्ये असं पनीर पाच-सहा दिवस राहतं. बाहेर, आपल्या उन्हाळ्यात, एक दिवससुद्धा नीट राहत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं नियोजन यावर आहे.

निवळी टाकू नका

५ लिटर दुधातून ४ लिटरच्या आसपास निवळी निघते. ती मोरीत ओतली तर वास येतो, ओढ्यात सोडली तर पाणी खराब होतं. ताजी निवळी भाकरीच्या किंवा चपातीच्या पिठात घाला, डाळीत, कढीत वापरा. जिरं-मीठ घालून प्यायलाही चांगली लागते. उरलेली जनावरांच्या आंबोणात थोडी थोडी घालता येते. एकदम बादलीभर पाजू नका.

आता हिशोब

आता वही-पेन घ्या. खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा १० लिटर म्हशीचं दूध आहे आणि डेअरी ५५ रुपये भाव देते. म्हणजे दुधाचे ५५० रुपये. सायट्रिक ॲसिड ५, गॅस ३०, बर्फ आणि वीज २०, पॅकिंग २०, जीपचं येणं-जाणं ६०. हा वरखर्च १३५ रुपये. दूध आणि खर्च मिळून ६८५. त्यात तुमचे तीन तास. तासाला ५० रुपये धरले तर १५० रुपये मजुरी. एकूण ८३५.

१० लिटरचं २ किलो पनीर झालं. ४५० रुपये किलोने विकलं तर ९०० रुपये आले. ८३५ वजा केले की ६५ रुपये नफा, आणि १५० मजुरी वेगळी. म्हणजे डेअरीला दूध घालण्यापेक्षा घरात २१५ रुपये जास्त आले.

आता बघा कुठे कुठे गळतं.

दूध नीट फाटलं नाही आणि २ किलोऐवजी १ किलो ८०० ग्रॅमच पनीर पडलं, तर हातात ८१० रुपये येतात. ६८५ गेले की उरतात १२५. नफा तर गेलाच, पण मजुरीतलेही २५ रुपये गेले. फक्त २०० ग्रॅमची गोष्ट आहे! म्हणून निवळीकडे डोळ्यात तेल घालून बघायचं.

ढाबेवाला म्हणाला, "मला ३२० ने मिळतं, तुम्ही पण द्या," आणि तुम्ही दिलं, तर ६४० रुपये येतात. खर्च ६८५. म्हणजे तीन तास राबून वर ४५ रुपये आपल्या खिशातले दिले. अशा गिऱ्हाइकाला हात जोडून नाही म्हणा.

आणि तुमच्या गावात, तुमच्या दारात, कोणी ७० रुपये लिटरने दूध घेऊन जात असेल तर? १० लिटरचे ७०० रुपये आले, जीपचा खर्च नाही, चूल नाही. पनीर केलं तर वरखर्च जाऊन ७६५ हातात पडतात. फरक ६५ रुपयांचा, तोही तीन तासांच्या कामाचा. त्या ताईने पनीर करू नये, दूधच विकावं. हे सरळ सांगते, कारण कोणाच्या तरी घरात चाललेला चांगला धंदा मोडून नवा लावण्यात शहाणपण नाही.

पनीर कुणी करावं? ज्यांचं दूध डेअरीला कमी भावाने जातं. जिथे संध्याकाळचं दूध शिल्लक राहतं. पावसाळ्यानंतर म्हशी व्यायल्या की दूध वाढतं, तेव्हा. आणि दोन-तीन घरांनी दूध एकत्र केलं तर अजून बरं. २० लिटरला जीपचा खर्च तेवढाच ६० राहतो आणि काम तिप्पट-चौपट वाढत नाही. हाच हिशोब २० लिटरचा मांडा : दूध ११००, वरखर्च २१०, चार तासांची मजुरी २००, एकूण १५१०. चार किलोचे आले १८००. नफा २९०. एकटीने ६५ आणि मिळून २९०. गटाचा फायदा म्हणतात तो असा कागदावर दिसतो.

अजून एक गोष्ट हिशोबात धरा. गोठ्यात शेण काढायला, धार काढायला बाई असते, पण डेअरीचं खातं बहुतेक घरांत कारभाऱ्याच्या नावावर असतं. पनीरचे पैसे ज्या हातांनी पनीर केलं त्या हातात यावेत, हे पहिल्याच बैठकीत, घरच्यांना सांगून ठरवून घ्या. गटाच्या खात्यावर घ्या किंवा तुमच्या खात्यावर, पण आधी ठरवा. नंतर बोलायला गेलं की भांडण होतं.

कुणाला विकायचं?

आपण मुंबईपासून लांब आहोत असं आपल्याला वाटतं, पण गिऱ्हाईक रोज आपल्या दारावरून जातं. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. मुरबाडमधून माळशेज घाटाचा रस्ता जातो, पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते. माहुली गडावर ट्रेकची मुलं येतात. वासिंद, आसनगावला नवीन इमारती झाल्या आहेत आणि तिथून कल्याण लोकलने जोडलेलं आहे.

तरी पण पनीर घेऊन रस्त्यावर बसू नका. पनीर उन्हात टिकत नाही हे वर पाहिलंच. पनीरची विक्री ऑर्डरवरच करायची. ती अशी :

आधी वीस घरांची यादी करा. शिक्षक, नर्स, ग्रामपंचायत कर्मचारी, जवळच्या सोसायटीतली कुटुंबं, दोन-तीन शेतघरं आणि रिसॉर्ट. व्हॉट्सॲपवर बुधवारी विचारा, शुक्रवारी ऑर्डर बंद करा, शनिवारी पहाटे पनीर करा आणि दुपारच्या आत पोचवा. नेताना थर्माकोलचा किंवा जाड प्लास्टिकचा डबा आणि त्यात बर्फाच्या पिशव्या. जेवढी ऑर्डर तेवढंच पनीर, वर फार तर अर्धा किलो. उरलं तर घरी भाजी.

श्रावण, नवरात्र आणि लग्नसराई या काळात मागणी वाढते. लग्नाची मोठी ऑर्डर आली तर आनंदाने लगेच हो म्हणू नका. २० किलो पनीरला १०० लिटर दूध लागतं. तेवढं दूध, तेवढी भांडी, तेवढा फ्रिज आहे का ते आधी बघा. निम्मी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय दूध गोळा करू नका. आणि उधारी? एका आठवड्याची, ती पण ओळखीच्या घरी. दुसऱ्या आठवड्यात आधी मागचे पैसे, मग पनीर.

उन्हाळ्याचंही बोलायला हवं. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याच पाड्यांवर टँकर. पनीरला भांडी धुवायला, फडकी उकळायला, वड्या बुडवायला भरपूर स्वच्छ पाणी लागतं. ज्या गावात टँकर येतो तिथे ते दोन महिने पनीर बंद ठेवा. गिऱ्हाइकाला आधीच कळवा, 'जूनमध्ये परत सुरू करू.' लोक समजून घेतात.

त्या महिन्यांत टोपली रिकामी राहू नये म्हणून टिकणारे पदार्थ जोडीला ठेवा. साधा नियम आहे : पदार्थात पाणी जेवढं कमी, तेवढा तो जास्त टिकतो. आंबोशी, करवंदाचं लोणचं, नाचणीचं पीठ आणि पापड, तांदळाच्या कुरडया, कडवे वाल, साजूक तूप यांना बर्फ लागत नाही. हे सरळगावच्या आठवडी बाजारात, म्हशाच्या यात्रेत, नाहीतर मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनातही नेता येतं. ज्या घरी पनीर पोचवता त्याच घरी आंबोशीची पुडी दाखवा. पनीरने ओळख होते, नफा पुष्कळदा पुडीतून निघतो.

बनावट पनीरशी सामना

बाजारात ३२० ने, कधी त्याहून स्वस्त पनीर मिळतं ते कसं? त्यातला बराच माल दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरून केलेला असतो. त्याला 'ॲनालॉग' म्हणतात. तसं लिहून विकलं तर गोष्ट वेगळी, पण ते पनीर म्हणून विकता येत नाही. मार्च २०२५ मध्ये एका आमदारांनी असं बनावट पनीर थेट विधानसभेत आणून दाखवलं, तेव्हा त्याची खूप चर्चा झाली.

ही भीती आपल्या उपयोगाची आहे. गिऱ्हाइकाला सांगा, कोणत्या गोठ्यातलं दूध आहे ते. बघायला बोलवा. एक तपासणी तर घरीच होते : पनीरचा तुकडा पाण्यात उकळून थंड करा, त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं-काळं झालं तर त्यात पीठ म्हणजे स्टार्च आहे. तेलाची भेसळ मात्र यातून कळत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. त्यामुळे 'आमचं शंभर टक्के शुद्ध आहे, आयोडीनने बघा' असं छातीठोक सांगू नका. जेवढं खरं तेवढंच बोला.

कागदपत्रं : घाबरायचं कारण नाही

घरून विकलं तरी खाण्याचा पदार्थ विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या व्यावसायिकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. फी वर्षाला १०० रुपये. अर्ज 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. फोटो, ओळखपत्र आणि जिथे पनीर बनतं त्या जागेचा पत्ता लागतो. मोबाईलवर जमलं नाही तर सेवा केंद्रात भरून घ्या, पण सरकारी फी किती आणि भरायची मजुरी किती, हे पावतीवर वेगळं विचारा. नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो. तो प्रत्येक पाकिटावर यायला हवा.

पाकिटावर अजून काय? पदार्थाचं नाव, त्यात काय घातलंय (दूध, सायट्रिक ॲसिड), निव्वळ वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, गटाचं नाव-पत्ता-फोन, शाकाहाराची हिरवी खूण, आणि 'फ्रिजमध्ये ठेवा' ही सूचना. तारीख पेनाने लिहिली तरी चालेल, पण पुसली जाणार नाही अशी. पॅकबंद पनीरवर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय.

पैशाची मदत हवी असेल तर 'पीएमएफएमई' ही २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची योजना आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या सदस्याला छोटी अवजारं आणि खेळतं भांडवल म्हणून ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल त्यात होतं. ते 'उमेद'मार्फत, संघाकडून यायचं. युनिट उभारायला बँकेचं कर्ज घेतलं तर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत होती, तेव्हा अर्ज करण्याआधी संघाच्या कार्यालयात चौकशी करा. आणि अनुदान मिळतंय म्हणून कर्ज काढू नका. आधी तीन महिने घरच्या पातेल्यात पनीर करा, विका, हिशोब ठेवा. तुमची ती वही बघून बँकेचा साहेबही नीट बोलेल.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा

लगेच २० लिटर दूध घेऊ नका. घरचं २ लिटर दूध घ्या, ४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड ४०० मिली पाण्यात, आणि पनीर करा. म्हशीच्या दुधाचं ४०० ग्रॅमच्या आसपास पडायला हवं. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा. दर वेळी वहीत चार आकडे लिहा : दूध किती, कुणाचं (गाय की म्हैस), पनीर किती ग्रॅम, वेळ किती लागला. पहिल्या दिवशी घरच्यांना खायला घाला, दुसऱ्या दिवशी शेजारणीला द्या, तिसऱ्या दिवशी ज्यांना विकायचं त्यांना नमुना म्हणून छोटा तुकडा द्या आणि स्पष्ट विचारा, "या भावाने घ्याल का?"

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत तुमची वही घेऊन या. ज्या गटात तिन्ही वेळा वजन जवळपास सारखं आलंय आणि निदान दहा घरांनी 'घेऊ' म्हटलंय, त्या गटांची नोंदणी आपण एकत्र बसून भरू. ज्यांचा हिशोब जुळला नाही, त्यांनीही वही आणाच. दूध तसंच विकणं परवडतं की तूप, खरवस, आंबोशी बरी, ते आकडे समोर ठेवून ठरवू.

आणि येताना त्या चारशे ग्रॅममधला एक तुकडा आणायला विसरू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, शहापूर-मुरबाड